संगणकाची जुळणी

गेल्या चैत्रात माझा नातू घडी केलेला एक कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "आजोबा, एवढा एकदा पाहा आणि मग बाबांकडे माझी रदबदली करा," असे तो म्हणाला. कागदावर संगणकाच्या निरनिराळ्या भागांची नावे व त्यांपुढे किमती मांडल्या होत्या. तळाशी बेरीज होती ५०,००० रुपये. त्यांपैकी निम्मे पैसे त्याने दोन सुट्ट्यांत मामाच्या दुकानात काम करून साठवले होते. उरलेले निम्मे वडिलांनी मिरचीच्या पैशांतून द्यावयाचे होते. नंदुरबारच्या मिरचीचे नाव मोठे असले, तरी ती पिकवणाऱ्याच्या हाती पैसा किती कष्टाने येतो, हे आमच्या जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. आणि संगणक हवा होता तो मुख्यतः खेळ खेळण्यासाठी!

मी जन्मभर मुलांना मैदानावर पिटाळणारा मुख्याध्यापक. खोलीत बसून खेळावयाचा खेळ मला रुचत नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. परंतु कागदावर हिशेब होता, आणि हिशेब समोर आला की तो तपासल्यावाचून मला राहवत नाही.

पत्रे लिहिण्यास साधा संगणक पुरतो; मग खेळासाठी निराळा कशाला, हा माझा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर पडद्यात आहे. नेहमीच्या पडद्यावर १,९२० उभ्या व १,०८० आडव्या रांगांत ठिपके असतात. म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके. खेळातील हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला ६० वेळा नवे चित्र काढावे लागते. गुणाकार केला तर दर सेकंदास बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे! हे काम एकट्या मुख्य प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचे असते. तो चतुर असतो, पण त्याच्यापाशी हात थोडे. म्हणून ग्राफिक कार्ड लागते. त्यात शेकडो, किंबहुना हजारो लहान गणक एकाच वेळी राबतात व प्रत्येक जण आपल्या वाट्याचे ठिपके रंगवतो. शत्रू कोठे दडला, चेंडू किती उंच उडाला, हे प्रोसेसरने ठरवावयाचे. चित्र कार्डाने रंगवावयाचे.

अनेकांनी मिळून काम करण्याची ही युक्ती महाराष्ट्राला परकी नाही. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था सुरू झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. पैसा बेताचा व मुदत थोडी. त्यांनी एकच महाबली प्रोसेसर मिळवण्याचा नाद सोडला आणि बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर एकमेकांस जोडून १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. नेमके भाग निवडून ते नीट जुळवणे, हीच त्यामागची करामत होती. नातवाला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा त्याने कागद माझ्या हातून परत घेतला आणि स्वतःच पुन्हा वाचू लागला.

कारण त्याच्या यादीत जुळणी नव्हती. पन्नास हजारांपैकी बत्तीस हजार एकट्या कार्डावर घातलेले; बाकी सर्व भाग उरलेल्या अठरा हजारांत कोंबलेले. जुवाखाली एका बाजूस खिल्लार बैल आणि दुसऱ्या बाजूस गोऱ्हा जुंपावा, तसा हा प्रकार. दुबळा प्रोसेसर वेळेवर काम पुरवू शकत नाही, आणि महागडे कार्ड वाट पाहत बसते. शिवाय पडदा मामाच्या दुकानातील जुना घ्यावयाचा होता. तो सेकंदाला ६०च चित्रे दाखवणार. कार्डाने १२० रंगवली, तरी निम्मी कोणास दिसणार? तेव्हा आम्ही यादी उलट्या टोकाने धरली. आधी पडदा, मग त्यास पुरेसे कार्ड, मग कार्डास साजेसा प्रोसेसर. कार्डाचा खर्च अठरा हजारांवर आला.

प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड आपोआप ठरतो असे नाही. दोघांची खोबण एक असावी लागते. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांसाठी आधी 'एएम ४' खोबण होती; २०२२ मध्ये 'एएम ५' आली. पहिलीत 'डीडीआर ४' जातीची रॅम चालते, दुसरीत 'डीडीआर ५'. एकीची पट्टी दुसरीत बसतच नाही. जुन्या खोबणीचे सामान स्वस्त पडते, पण तिचा पुढचा रस्ता आखूड. नवी घेतली तर काही वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून भागते. यावर आमचा दोन संध्याकाळी वाद झाला. अखेर स्वस्ताचा पक्ष जिंकला. मला ते अजूनही पुरते पटलेले नाही.

रॅम १६ जीबी. पण ८ जीबीच्या दोन पट्ट्या, कारण दोन पट्ट्यांतून माहिती दोन वाटांनी वाहते. साठवणीसाठी एसएसडी. रंगीत दिव्यांचे पंखे मी निर्दयपणे खोडले.

एका भागावर मात्र मी काटकसर होऊ दिली नाही. आमच्या शेजारच्या मुलाने उत्तम कार्ड घेतले होते आणि विजेचा पुरवठा करणारा डबा, ज्यास पॉवर सप्लाय म्हणतात, तो कॅबिनेटबरोबर आलेला नाव-गाव नसलेला चालवला. वैशाखातल्या एका संध्याकाळी वीज दोन-तीनदा ये-जा झाली, बारीकसा आवाज आला, आणि डब्याने जाता जाता मदरबोर्डही नेला. त्या मुलाची वर्षाची बचत जळाली. डब्यावर किती वॅट छापले आहेत एवढेच पाहून भागत नाही. तो तितके वॅट खरोखर देतो काय आणि दाब वाढता स्वतः बंद पडून इतरांस वाचवतो काय, हे पाहावे लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. यंत्र फार तापले की प्रोसेसर व कार्ड आपला वेग आपणच कमी करतात. म्हणून काचेच्या बंद तोंडाचे देखणे कॅबिनेट नाकारून जाळीच्या तोंडाचे घेतले: पुढून थंड हवा आत, मागून गरम हवा बाहेर. जाळी धुळीने भरते. ती पंधरवड्याला झाडावयाची, हे कलम मी यादीच्या खाली लिहून त्याची सही घेतली.

कोणी जुने कार्ड अर्ध्या किमतीत देऊ केले होते. २०२२ च्या सप्टेंबरात 'इथेरियम' या आभासी चलनाची पद्धत बदलली, तेव्हा त्या कामी रात्रंदिवस राबवलेली कार्डे जगभर विक्रीस निघाली होती. अशा कार्डाचे पूर्वायुष्य कळत नाही आणि हमीही नसते. आम्ही नाही म्हटले.

सामान आणण्यास नातू व मामा सुरतेच्या गाडीने गेले. जोडणी माझ्या ओसरीवर झाली. अंगातील स्थिर वीज भागांना बाधू नये म्हणून तो दर खेपेस कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून मग वस्तू उचली. तीन तासांनी कळ दाबली. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. नातवाचा चेहरा उतरला. बत्तीस वर्षे मुलांना धीर देणारा मी, मलाही काही सुचेना. माझी मुलगी, जिला हा खर्च पहिल्यापासून नको होता, दाराशी उभी होती. ती वाकून मागे पाहू लागली आणि म्हणाली, "पडद्याची वायर बसेल अशी तोंडे इथे वर एक आणि खाली एक दिसतात. तू वरच्यात का लावलीस?"

वरचे तोंड मदरबोर्डचे होते, आणि आम्ही घेतलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची सोय मुळातच नव्हती. नातवाने वायर काढून खालच्या, कार्डाच्या तोंडात बसवली. पडदा उजळला.