स्वस्त पांढरा मासा घरी भाजताना पाण्याचा हिशेब महत्त्वाचा

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, तर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. या दिवसांत पापलेट आणि सुरमई सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातात. नागपूर, इंदूर, हैदराबाद किंवा दिल्लीत राहणाऱ्या मासेखाऊ मराठी कुटुंबांना तर ही अडचण बारा महिने जाणवते. अशा वेळी गोठवलेला ‘बासा’ किंवा धरणातील चिलापी हा परवडणारा पर्याय ठरतो. तो तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजल्यास तेलही वाचते. तरीही अनेक घरांत हा प्रयोग एकदाच होतो. ट्रेमध्ये पाणी साचते, मासा फिकट आणि चिवट होतो, आणि दोष मसाल्यावर ढकलला जातो. वास्तविक चूक असते ती माशातील पाणी हाताळण्यात.

पांढरा मासा म्हणजे ज्याच्या मांसात चरबी कमी आणि रंगही फिकट, असा मासा. बांगडा किंवा तारली यांच्या मांसातच तेल असते, त्यामुळे आच थोडी जास्त झाली तरी ते निभावून जाते. पांढऱ्या माशाला हा आधार नसतो. त्याची प्रथिने साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आकसतात आणि धरून ठेवलेले पाणी बाहेर फेकतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने माशाच्या मध्यभागी ६३ अंश तापमान पुरेसे मानले जाते. त्यापुढचे प्रत्येक मिनिट मासा केवळ कोरडा करते. पौष्टिकतेचा विचार करता बांगडा आणि तारलीच सरस, हेही येथे नमूद करणे योग्य. त्या स्वस्त मिळत असतील तर बासासाठी अडून बसण्याचे कारण नाही. मात्र मुलांना काटे नको असतात आणि शेजाऱ्यांना वास, तेथे पांढरा मासा सोयीचा पडतो.

बाजारात ‘बासा’ म्हणून मिळणारा मासा बहुधा पंगॅशियस कुळातील असतो. व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या खोऱ्यात त्याची मोठी शेती होते. भारतात तो गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आला आणि आज आंध्र प्रदेशातील तळ्यांत मोठ्या प्रमाणावर वाढवला जातो. चिलापी म्हणजेच तिलापिया मूळचा आफ्रिकेचा. तो १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि उजनी धरणाच्या पाण्यात असा रुजला की भिगवणच्या मासळी बाजारात तो आता घरचाच वाटतो. या दोन्ही माशांच्या मांसात रोहू किंवा कटल्याप्रमाणे बारीक दुफाटी काटे नसतात. म्हणूनच त्यांच्या बिनकाट्याच्या सपाट तुकड्या निघतात, रोहूच्या सहसा निघत नाहीत.

गोठवलेल्या तुकड्या कोरड्या पडू नयेत म्हणून त्यांवर बर्फाचा पातळ थर चढवतात. ही पद्धत योग्यच आहे, पण थर किती जाड यावर ग्राहकाचे पैसे अवलंबून असतात. समजा, एक किलोचे पाकीट ४०० रुपयांना घेतले आणि त्यात २०० ग्रॅम बर्फ निघाला, तर मासा प्रत्यक्षात ५०० रुपये किलोने पडला. त्यामुळे पाकिटावर बर्फ वगळून दिलेले निव्वळ वजन पाहूनच भावाची तुलना करावी. घटकांच्या यादीत फॉस्फेटचा उल्लेख असल्यास मांसाने जादा पाणी धरून ठेवले असण्याची शक्यता असते. पाकिटात बर्फाचे मोठे खडे मोकळे दिसत असतील तर मासा एकदा वितळून पुन्हा गोठला असावा. असे पाकीट सोडून द्यावे.

पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळू द्यावे. गरम पाण्यात बुडवल्यास मांस बाहेरून सैल पडते आणि आत बर्फच राहतो. सुटलेले पाणी ओतून द्यावे. अर्धा किलो तुकड्यांना एक सपाट चहाचा चमचा मीठ आणि थोडी हळद चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. मिठामुळे पृष्ठभागावरचे पाणी बाहेर येते, आणि भाजताना माशावर जो पांढरा साका जमतो तोही कमी होतो. यानंतर स्वच्छ सुती फडक्याने तुकड्या दोन्ही बाजूंनी टिपून कोरड्या कराव्यात. घाईत नेमकी हीच पायरी वगळली जाते, आणि सारे बिघडते ते येथेच.

गोड्या पाण्यातील माशाला येणारा मातकट वास जिओस्मिन या द्रव्याचा असतो. पहिल्या पावसानंतर जमिनीतून दरवळणारा सुगंधही याच द्रव्याचा; पावसात हवासा वाटतो, ताटात नाही. आम्लामुळे तो मंदावतो. कोकणातील आगळ, चिंचेचा कोळ किंवा लिंबू यांपैकी काहीही चालते. मात्र मासा आंबटात तासभर बुडवून ठेवू नये, पृष्ठभाग पिठूळ होतो. दहा मिनिटे पुरतात.

आता एक मोठा चमचा तेल, चार पाकळ्या ठेचलेला लसूण आणि भरडलेली मिरी तुकड्यांना लावावी. वर शिळ्या पावाचा चुरा तेलात कालवून पसरावा. तो उरलेले पाणी शोषतो आणि खमंग होतो. ओव्हन किंवा ओटीजी २०० अंशांवर आधीच तापवून घ्यावा. थंड ओव्हनमध्ये मासा ठेवला तर तो भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजतो. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर असावे. अडीच सेंटीमीटर जाडीला सुमारे दहा मिनिटे हा जुना ठोकताळा उपयोगी आहे. बासाची पातळ तुकडी सात-आठ मिनिटांतच होते. काट्याने दाबल्यावर पाकळ्या सुट्या झाल्या आणि मध्यभाग काचेसारखा दिसेनासा झाला की लगेच बाहेर काढावे. दीड हजार वॉटचा ओटीजी तापवण्यासह पंचवीस मिनिटे चालला तरी वीज सुमारे ०.६ युनिट लागते.

ओव्हन नसला तरी अडत नाही. पारशी पात्रानी मच्छी, बंगाली पातुरी आणि केरळातील करीमीन पोळ्ळिच्चतु या तिन्ही पाककृतींत मासा केळीच्या पानात गुंडाळतात. पान विस्तवावरून फिरवून लवचीक करावे, मसाला लावलेली तुकडी त्यात बांधावी आणि जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर प्रत्येक बाजूने पाच-सहा मिनिटे भाजावी. येथे मात्र वाफ आतच राहत असल्याने पाव-चुरा नको. ओले खोबरे, कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांचे वाटण शोभते. आंबट मसाला असेल तर ॲल्युमिनियमच्या फॉइलपेक्षा पानच बरे, कारण आम्ल आणि मीठ धातूला खातात.

उरलेला मासा दुसऱ्या दिवशी पुन्हा ओव्हनमध्ये घातल्यास हमखास कोरडा पडतो. तो फ्रीजमध्ये झाकून ठेवावा आणि उकडलेल्या बटाट्यात कुस्करून, कांदा-मिरची घालून तव्यावर त्याची कटलेट करावीत.