कॅमशाफ्ट बदलण्याआधी तो का झिजला ते शोधा

बेकरीचा माल, कापडाचे गठ्ठे, फर्निचरचे सुटे भाग किंवा वेल्डिंगचे सामान वाहणारी जुनी मारुती ओम्नी आजही आमच्या अनेक वाचकांच्या दाराशी उभी असते. १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून बाजारात आलेली ही गाडी २०१९ साली बनणे बंद झाले. तरी रस्त्यावर ती भरपूर आहे आणि तिचे सुटे भागही मिळतात. धंद्यातल्या माणसाची गाडी दोन दिवस बंद राहिली, तर दोन दिवसांचा माल पडून राहतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. म्हणून या वेळी इंजिनाच्या एका नाजूक कामाची माहिती देत आहोत : कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलणे. हाताला पान्याची सवय असलेला कारागीर हे काम घरच्या अंगणात करू शकतो. पण अट आहे, आणि ती अट आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओम्नीच्या इंजिनातून टकटक येऊ लागली. टॅपेट सेट केले की दोन दिवस बरे, पुन्हा तेच. रॉकर कव्हर उघडून पाहिले तर कॅमशाफ्टचा एक उंचवटा झिजून चपटा झाला होता. आम्ही नवा कॅमशाफ्ट आणला, बसवला आणि खूश झालो. चार महिन्यांत तोच उंचवटा पुन्हा झिजला. दुसऱ्यांदा हेड घेऊन एका जुन्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी कॅमकडे पाहिलेसुद्धा नाही. रॉकर उलटा करून त्याचा कॅमवर घासणारा चेहरा दाखवला. तो खडबडीत झाला होता. मग रॉकर ज्या पोकळ दांड्यावर बसतात, त्या दांड्यात तार घातली. तेलाचे भोक काजळीने बुजलेले निघाले. ते म्हणाले, "कॅम बिचारा मेला, मारणारा वेगळाच होता." या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे.

कॅमचे काम काय?

ओम्नी आणि जुनी मारुती ८०० यांच्या कार्बोरेटरच्या इंजिनाची रचना सारखीच आहे : ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये बसतो आणि टायमिंग बेल्टने फिरतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक फेरी होते. कॅमचा उंचवटा रॉकरला उचलतो, रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबतो आणि स्प्रिंग त्याला परत मिटवते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. तासाभरात हा आकडा ९०,००० होतो. प्रत्येक वेळी उंचवटा आणि रॉकर यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. तो तुटला की लोखंडावर लोखंड घासते. कॅम झिजण्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते : तेल उशिरा बदलणे, पातळी कमी ठेवणे, किंवा तेलाची वाट बुजणे.

उघडण्याआधी खात्री करा

टकटक आली म्हणजे कॅम गेला, असे समजू नका. पहिल्यांदा थंड इंजिनावर टॅपेट मापून घ्या. मग प्लग काढून तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन पाहा. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन फार कमी असेल, तर दोष व्हॉल्व्हच्या बैठकीत, रिंगमध्ये किंवा गॅस्केटमध्ये असू शकतो. कॉम्प्रेशन बरे असून एकच सिलिंडर जोर देत नसेल, कार्बोरेटरमधून फटफट परत येत असेल, तर कॅमकडे संशय घ्यावा. रॉकर कव्हर काढून इंजिन पान्याने हाताने फिरवा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह किती खाली जातो ते डायल गेजने मापा. एकाच बाजूच्या तीन व्हॉल्व्हमध्ये एक स्पष्टपणे कमी जात असेल, तर त्याचा उंचवटा झिजला आहे.

कमजोर स्प्रिंगची खूण वेगळी आहे. गाडी हळू चालवताना ठीक वाटते, पण चढावर दुसऱ्या गिअरमध्ये फेऱ्या वाढल्या की इंजिन दम टाकते. स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर मिटवू शकत नाही, म्हणून असे होते. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना निळा धूर निघत असेल, तर व्हॉल्व्हचे सील तपासा.

फक्त स्प्रिंगा किंवा सील बदलायचे असतील, तर हेड उतरवण्याची गरज नाही. रॉकर काढायचे, आणि व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सोडायची. तिचे टोक बाहेर ठेवायचे आणि पिस्टन हाताने वर आणून दोरी व्हॉल्व्हखाली दाबून धरायची. कॅमसुद्धा बदलायचा असेल, तर मात्र आमच्या मते हेड उतरवूनच काम करावे. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असते. त्या अडचणीत वाकून करण्यापेक्षा टेबलावर नीट दिसते.

भाग विकत घेताना

कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, जुना कॅम सोबत घेऊन जा. नवा त्याच्या शेजारी ठेवून लांबी, बैठकीचे गोल भाग, उंचवट्यांच्या जागा आणि टोकाची घडण जुळवा. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पंपाला चालना कॅमच देतो, तेव्हा तो भागही पाहून घ्या. नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या मॉडेलचा भाग दिसायला सारखा असला, तरी तो बसेलच असे धरून चालू नका. कॅमबरोबर हेड गॅस्केट, कॅमचा ऑइल सील, सहा व्हॉल्व्ह सील आणि टायमिंग बेल्ट नवेच घ्या. रॉकरचा चेहरा खडबडीत असेल, तर तो रॉकरही बदला. जुना खडबडीत रॉकर नव्या कॅमला कानशीसारखा घासतो. पक्के बिल घ्या. स्वस्तातला बिनबिलाचा कॅम वरून चकचकीत दिसतो, पण त्याची कडकपणाची प्रक्रिया नीट झाली आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही.

उतरवण्याची पद्धत

इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. हेड अॅल्युमिनियमचे आहे, गरम असताना बोल्ट सैल केले तर ते वाकते. बॅटरीची वायर काढा, रेडिएटरचे पाणी सोडा. क्रँकच्या पुलीवरची आणि कॅमच्या पुलीवरची खूण आपापल्या जागेवर आणा आणि मगच बेल्ट सैल करा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर कोणत्या दिशेला आहे, त्याची खूण डब्यावर करून ठेवा. बेल्ट निघाल्यावर क्रँक किंवा कॅम उगाच फिरवू नका. कितीतरी इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून सैल करा. बसवताना याच्या उलट, मधून बाहेर आवळायचे. उतरवलेला प्रत्येक भाग ओळीने ठेवा. आम्ही अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे वापरतो. एका ओळीत पहिल्या सिलिंडरचा रॉकर, स्प्रिंग, वाटी आणि लॉक, दुसऱ्या ओळीत पुढच्या सिलिंडरचे. कारण जो रॉकर ज्या उंचवट्यावर घासला गेला आणि जो व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर बसला, त्यांची जोडी मोडता कामा नये. रॉकरचे दोन दांडेही एकमेकांच्या जागी जाऊ नयेत, म्हणून त्यांवर खूण करा.

रॉकर निघाले की कॅम हेडच्या टोकाने सरळ बाहेर ओढा. तिरपा ओढला, तर उंचवट्याची धार अॅल्युमिनियमवर ओरखडा पाडते. या हेडमध्ये कॅमसाठी वेगळ्या बेअरिंग वाट्या नाहीत, कॅम थेट अॅल्युमिनियममध्ये फिरतो. म्हणून त्या भोकांत खोल रेघा असतील तर तिथेच थांबा. नवा कॅम घालूनही तेलाचा दाब टिकणार नाही. असे हेड चांगल्या इंजिनिअरिंग वर्क्सला दाखवूनच पुढचा निर्णय घ्यावा.

स्प्रिंगांचे काम

स्प्रिंग दाबण्याच्या शिकंजाने दाबली की व्हॉल्व्हच्या मानेभोवतीची दोन छोटी लॉक निघतात. दाबलेली स्प्रिंग निसटली तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावा, चेहरा बाजूला ठेवा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

जुनी स्प्रिंग तपासण्याचे तीन साधे उपाय आहेत. पहिला, व्हर्नियरने मोकळी लांबी मापून ती सर्व्हिस पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहा. दुसरा, सपाट काचेवर उभी करून तिच्याशेजारी गुण्या धरा, वाकडी असेल तर लगेच दिसेल. तिसरा, नवी आणि जुनी स्प्रिंग मध्ये वॉशर ठेवून शिकंजात एका ओळीत दाबा. दोघींवर जोर सारखाच पडतो, तेव्हा जी जास्त दबेल ती कमजोर. एक जरी गेली असेल, तरी सहाही बदलणे शहाणपणाचे.

बसवताना स्प्रिंगचे वर-खाली ओळखा. तिचे वेढे एका टोकाला जवळजवळ आणि दुसऱ्या टोकाला दूर असतात. जवळच्या वेढ्यांची बाजू खाली, हेडकडे ठेवायची. लॉक बसल्यावर प्लास्टिकच्या हातोडीने व्हॉल्व्हच्या टोकावर हलके ठोका, म्हणजे लॉक खोबणीत नीट बसले की नाही ते आत्ताच कळेल. नंतर हेड आडवे करून पोर्टमध्ये रॉकेल ओता. व्हॉल्व्हच्या कडेने पाझर दिसला, तर बैठक घासून घ्यावी लागेल.

जोडणी आणि पहिली सुरुवात

बसवण्याआधी रॉकरचे दांडे आणि हेडमधल्या तेलाच्या सगळ्या वाटा रॉकेलने धुऊन हवेने मोकळ्या करा. आमची चूक इथेच झाली होती. कॅमचे गोल भाग, उंचवटे आणि रॉकरचे चेहरे यांना स्वच्छ इंजिन तेल किंवा जोडणीसाठी मिळणारे खास ग्रीस भरपूर लावा. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, तीन टप्प्यांत, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळा. हाताच्या अंदाजावर गॅस्केट सोडू नका. टॉर्क पाना नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणा.

दोन्ही पुल्यांच्या खुणा जुळवून बेल्ट चढवा. मग क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि खुणा पुन्हा पाहा. एक दात जरी सरकला असेल, तरी बेल्ट पुन्हा चढवा. फिरवताना कुठे अडकल्यासारखे वाटले, तर जोर लावू नका, कारण शोधा. स्टार्टर मारण्याची घाई महागात पडते.

टॅपेट मापताना त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर सैल असले पाहिजेत. या इंजिनात स्फोटाचा क्रम १-३-२ आहे. पहिला सिलिंडर झाला की क्रँक २४० अंश पुढे फिरवून तिसरा, आणखी २४० अंशांनी दुसरा. पुस्तकात थंड आणि गरम इंजिनाची मापे वेगळी दिलेली असतात, त्यांची गल्लत करू नका. आवाज अगदी बंद व्हावा म्हणून टॅपेट घट्ट करणारे पुष्कळ आहेत. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, घट्ट टॅपेटमुळे तो पूर्ण मिटत नाही आणि एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, गप्प बसलेला परवडत नाही.

नवे तेल आणि नवा फिल्टर घाला, रेडिएटर भरा. कॉइलची बारीक वायर काढून, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. मग वायर जोडून इंजिन सुरू करा. सुरू झाल्यावर ते आयडलवर सोडून चहाला जाऊ नका. नव्या कॅमला सुरुवातीची १५-२० मिनिटे मध्यम फेऱ्यांवर चालवणे चांगले, कारण वेग असला की तेल वरपर्यंत भरपूर उडते. पाण्याच्या काट्यावर आणि तेलाच्या दिव्यावर नजर ठेवा. पहिले तेल लवकर बदला आणि काढलेल्या तेलात चुंबक फिरवून पाहा. चुंबकाला चकाकणारा चुरा जास्त चिकटला, तर रॉकर कव्हर पुन्हा उघडा.

हिशेब

घरी काम केल्याने मजुरी वाचते, हे खरे. पण हेडची सपाटी, बैठकी कापणे आणि गाइड बदलणे ही कामे यंत्राची आहेत. ती घरी करण्याचा हट्ट धरू नये. तिथे दिलेले पैसे वाया जात नाहीत. वाया जातात ते कारण न शोधता बदललेल्या भागाचे पैसे. आमचा पहिला कॅम असाच गेला. त्याच्याबरोबर दोन आठवड्यांचा माल पोहोचवण्याचे काम आणि दोन जुनी गिऱ्हाइके गेली. त्यातले एक परत आले, दुसरे आले नाही. दुसऱ्या वेळी बसवलेला कॅम मात्र अजून चालतो आहे. फरक इतकाच, की त्या वेळी नवा भाग खोक्यातून काढण्याआधी आम्ही तेलाच्या भोकात तार घालून पाहिली होती.