वकील नाही म्हणून कोणी इन्साफाला मुकू नये

मोहरमच्या दिवसांत चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाचे दार सर्वसामान्यांसाठी उघडते. आत गैबीशाह वली यांचा दर्गा आहे. मुसलमान, हिंदू, आदिवासी असे सर्वजण तेथे दर्शनाला जातात. याच कारागृहाच्या आवारात आणखी एक आठवण आहे. गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना १८५८ च्या सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी पकडले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी येथेच पिंपळाच्या झाडाला फाशी दिले. अटकेपासून फाशीपर्यंत जेमतेम एक महिना. परक्या सरकारचा कायदा, परकी भाषा, आणि निकाल आधीच ठरलेला.

आज राज्य आपले आहे, संविधान आपले आहे. तरीही एक प्रश्न उरतोच. भामरागड किंवा सिरोंच्याकडचा एखादा गरीब माणूस खुनाच्या आरोपात पकडला गेला, तर त्याच्या बाजूने बोलणार कोण? सिरोंच्याहून गडचिरोलीचे अंतर सुमारे २०० किलोमीटर. जिल्ह्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगलाचा. घरात माडिया किंवा गोंडी बोलली जाते, बाजारात तेलुगू, आणि कोर्टात मराठी व इंग्रजी. वकिलाची फी तर दूरच, तारखेला जाण्यायेण्याचे भाडेही घरच्यांना जड जाते. शहरातल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या आपल्या मजूर, फेरीवाल्या बांधवांची स्थिती यापेक्षा फार निराळी नाही.

म्हणूनच मोफत वकिलाचा हक्क प्रत्येक घराला माहीत असायला हवा.

ही खैरात नव्हे, हक्क आहे

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात ३९-अ हे कलम आले. पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये म्हणून मोफत कायदेशीर मदत देणे हे राज्याचे काम ठरले. १९७८ मध्ये 'होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की, कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील करण्याची ऐपत नसेल तर तो सरकारने दिला पाहिजे. पुढच्याच वर्षी बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या 'हुसैनारा खातून' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क कलम २१ मधील जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला.

१९८६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील सुक दास खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. आरोपीने वकील मागितला नव्हता, म्हणून दिला नाही, असा बचाव सरकारने केला. न्यायालयाने तो मानला नाही. ज्याला आपला हक्कच ठाऊक नाही तो मागणार कसा? हक्क आहे हे सांगणे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे, असे सांगून वकिलाविना झालेली शिक्षा रद्द करण्यात आली. जंगलपट्टीतल्या माणसासाठी या निकालाइतका मोलाचा निकाल दुसरा नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ३४१ नुसार कोणत्याही न्यायालयातील खटल्यात किंवा अपिलात आरोपीला वकील नसेल आणि त्याची ऐपत नसेल, तर न्यायालयाने सरकारी खर्चाने वकील द्यायचा आहे. जुन्या कायद्यात ही सक्ती सत्र न्यायालयातील खटल्यापुरती होती.

"अशा माणसाला वकील कशाला?"

एखादा भयंकर गुन्हा घडला की हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे.

२००३ च्या जून महिन्यात नाशिक जिल्ह्यात एका शेतातील कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कारही झाला. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. सगळे संपले असे वाटत असताना प्रकरण पुन्हा उघडले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, आणि ही गोष्ट दाबून ठेवली गेली होती. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. त्यांच्यापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. तोवर सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

पोलिसांची कागदपत्रे बारकाईने वाचणारा, साक्षीदाराला नेमका प्रश्न विचारणारा वकील पहिल्या दिवसापासून का हवा, ते यावरून कळते. शिवाय निर्दोष माणूस फाशीच्या कोठडीत असतो तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा फिरत असतो. म्हणजे बळी पडलेल्या कुटुंबालाही इन्साफ मिळत नाही.

नावाचा वकील पुरेसा नाही

आपल्या विदर्भाला लागूनच मध्य प्रदेश आहे. तेथील खंडवा येथे २०१३ मध्ये एका बालिकेवरील अत्याचार व खुनाच्या खटल्यात एका तरुणाला फाशी झाली. ज्या दिवशी वकील नेमला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्याच्या आत खटला संपला. वकिलाला कागद वाचायलाही वेळ मिळाला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली, फेरखटल्याचा आदेश दिला आणि देशभरासाठी नियम घालून दिले. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात किमान १० वर्षे वकिली केलेलाच वकील नेमावा, त्याला तयारीसाठी साधारणपणे किमान ७ दिवस द्यावेत आणि त्याला आरोपीशी भेटून बोलता यावे. फेरखटल्यात त्या तरुणाला पुन्हा फाशी झाली. अखेर २०२४ मध्ये, अकरा वर्षांनी, तो निर्दोष सुटला.

सरकारी वकील म्हणजे हलका वकील, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. पूर्वीच्या अनुभवांमुळे तो अगदी निराधारही नाही. पण २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने 'लोक अभिरक्षक' कार्यालये सुरू झाली आहेत. या कार्यालयातील वकील फक्त आरोपींच्या बचावाचेच काम करतात आणि त्यांना सरकारकडून मानधन मिळते. मुख्य लोक अभिरक्षकाला किमान १० वर्षांचा अनुभव लागतो.

आणखी एक गोष्ट. काही वेळा आरोप इतका चिघळतो की स्थानिक वकील संघ 'या आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये' असा ठराव करतात. असे ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले आहे. २६/११ च्या खटल्यातही कसाबला प्रत्येक टप्प्यावर वकील दिला गेला आणि त्याच खटल्याच्या २०१२ च्या निकालात न्यायालयाने सर्व दंडाधिकाऱ्यांना आदेश दिला की, आरोपीला पहिल्यांदा हजर करताच मोफत वकिलाच्या हक्काची माहिती द्यावी. तो हक्क कसाबला मिळतो, तर संशयावरून उचललेल्या गरिबाच्या मुलाला का मिळू नये?

घरच्यांनी काय करावे?

अटकेची बातमी आली की घर हादरते. शेजारी तोंड फिरवतात. कोणी मध्यस्थ येऊन "इतके द्या, सोडवून आणतो" म्हणतो. आई दागिने मोडते, बाप शेत गहाण टाकतो. त्याआधी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते. साध्या कागदावरचा अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, तेथील कर्मचारी लिहून घेतात. राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. तुरुंगातूनही कैद्याला अधीक्षकांमार्फत अर्ज करता येतो.

कोठडीत असलेली व्यक्ती, महिला, मुले, अनुसूचित जाती व जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे मुलगा कोठडीत असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालण्याची गरज नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे.

अटकेचे कारण सांगणे, नातेवाइकांना कळवणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. ही तारीख घरच्यांनी लिहून ठेवावी.

कोर्टाची भाषा समजत नसेल तर तसे न्यायाधीशांना सांगावे. साक्ष आरोपीला समजेल अशा भाषेत सांगणे कायद्याने आवश्यक आहे. शिक्षा झालीच तर निकालाची प्रत मोफत मागून घ्यावी. उच्च न्यायालयात अपिलासाठी साधारण ६० दिवस असतात, फाशीच्या शिक्षेत ३०. त्या अपिलासाठीही मोफत वकील मिळतो. नेमलेला वकील पैसे मागत असेल किंवा तारखेला येत नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करून वकील बदलून मागता येतो.

पीडितेचाही हक्क

ही मदत केवळ आरोपीसाठी आहे असे समजू नये. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या मुलीसारख्या कोणत्याही स्त्रीला आज उत्पन्न न विचारता वकील मिळतो. आपल्या बहिणींनी, मग प्रश्न मारहाणीचा असो वा पोटगीचा, हा दरवाजा ठोठावायला संकोच करू नये.

२०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. त्यांत मुस्लिम, दलित आणि आदिवासींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. इन्साफ करताना श्रीमंत आणि गरीब असा भेद करू नका, ही शिकवण आपल्याला कुरआननेच दिली आहे. ती आचरणात आणायची तर फार मोठे काम करावे लागत नाही. मोहल्ल्यात कोणाचा मुलगा पकडला गेला, तर तोंड न फिरवता त्याच्या आईला विधी सेवा कार्यालयापर्यंत सोबत करा. १५१०० हा क्रमांक मशिदीच्या, शाळेच्या, रेशन दुकानाच्या फलकावर लिहा. मुलगा दोषी की निर्दोष, ते न्यायालय ठरवील. पण त्याची बाजू मांडली गेली पाहिजे, एवढे आपण नक्की पाहू शकतो.