खोकला एकाचा नव्हे, वस्तीचा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी असते. पुण्या-मुंबईला पोटासाठी गेलेली आपल्या जिल्ह्यातील कुटुंबे चार दिवस गावी येतात आणि येताना लेकरांचे खोकले बरोबर आणतात. अशीच एक आजी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आली. पोराच्या छातीत घरघर होती आणि डोळे लाल झाले होते. औषध दिले. पंधरा दिवसांनी पोरगा हसत-खेळत दाखवायला आला. मी औषधाचे श्रेय घेणार, एवढ्यात आजी म्हणाली, "डॉक्टरसायब, दर साली असंच होतंय. हितं आलं की पोरगं बरं होतंय, तिकडं गेलं की पुन्हा तेच. सगळ्या चाळीतल्या लेकरांना हाय तसंच."

वाचकहो, खरे सांगतो, त्या आजीने माझे डोळे उघडले. इतकी वर्षे मी अशा मुलांच्या केसपेपरवर 'ॲलर्जी' एवढाच शब्द लिहीत आलो. तुम्ही कुठे राहता, शेजारी काय आहे, आणखी कोणाला असा त्रास होतो, हे तीन प्रश्न मी क्वचितच विचारले. एका मुलाचा खोकला हा आजार असतो, पण साऱ्या चाळीचा खोकला हा त्या चाळीच्या हवेचा प्रश्न असतो. त्यावर डॉक्टरपाशी गोळी नाही. तो प्रश्न चाळीनेच एकत्र येऊन सोडवायचा असतो. तो कसा सोडवतात, हे मुंबईतील एका वस्तीच्या हकिगतीवरून पाहू.

माहूलची हकिगत

मुंबईत चेंबूरच्या पलीकडे, खाडीकाठी माहूल आणि अंबापाडा ही कोळ्यांची जुनी गावे आहेत. या भागात १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले. पुढे खताचा कारखाना, वीज केंद्र, रसायने साठवण्याच्या मोठाल्या टाक्या असे एकेक वाढत गेले. गाव होते तिथेच राहिले, हवा मात्र बदलली.

डोळे चुरचुरणे, छाती दाटणे आणि उग्र वास अशा तक्रारी गावकरी करीत होते. २०१३ साली केईएम रुग्णालयातील तज्ज्ञांनी तेथील रहिवाशांची पाहणी केली. तीत सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागतो असे सांगितले. डोळ्यांची जळजळ आणि छाती दाटणे या दोन्ही तक्रारींचे प्रमाण तर ८० टक्क्यांच्या वर निघाले. गावातील काही रहिवासी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे गेले होते. त्यांच्या अर्जावर डिसेंबर २०१५ मध्ये निकाल लागला. तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला जाणवण्याजोगा धोका आहे, हे न्यायाधिकरणाने मान्य केले.

आता पुढचे ऐका. याच माहूलमध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारतींची, सुमारे १७ हजार सदनिकांची वसाहत उभी होती. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश होता. त्यानुसार २०१७ पासून विद्याविहार, घाटकोपर आदी भागांतील झोपड्या हटल्या आणि हजारो कुटुंबांना माहूलला पाठविण्यात आले. हवा धोक्याची आहे असा निकाल लागून दोन वर्षेही झाली नव्हती. ही माणसे कोण होती? घरकाम करणाऱ्या बाया, हमाल, रिक्षावाले, सफाई कामगार. त्यांना पक्के घर मिळाले, पण श्वास महाग झाला.

धूर सर्वांना सारखाच लागतो असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे तो दूर घर घेतो आणि ज्याच्यापाशी नाही त्याला धुराजवळ घर मिळते. पर्यावरणाचा न्याय म्हणतात तो हाच. शहराची सोय सर्वांनी भोगायची आणि तिचा धूर ठराविक लोकांनीच गिळायचा, असे होऊ नये.

माहूलच्या रहिवाशांनी हे नशीब म्हणून सोसले नाही. आजार आणि मृत्यू यांची माहिती त्यांनी घरोघर जाऊन गोळा केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या घरांच्या जागेजवळ, विद्याविहारला रस्त्याच्या कडेला ते ठाण मांडून बसले. या लढ्याला 'जीवन बचाओ आंदोलन' असे नाव पडले. 'घर बचाओ घर बनाओ आंदोलन' पाठीशी उभे राहिले. त्यात पुढे होत्या त्या बायका. दिवसभर धुणीभांडी करायची आणि रात्री लेकरे घेऊन पदपथावर निजायचे, असे महिनोन् महिने चालले. दुसरीकडे न्यायालयात कागद बोलत होते. आयआयटीच्या तज्ज्ञांनीही या लोकांना तेथून हलवावे असेच मत दिले.

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की, माहूलला यापुढे कोणाला पाठवू नये आणि जे तेथे आहेत त्यांना दुसरीकडे घर द्यावे किंवा दरमहा १५ हजार रुपये भाडे व ४५ हजार रुपये अनामत द्यावी. ऑगस्ट २०२० मध्ये हरित न्यायाधिकरणाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसविली. अर्थात आदेश झाला म्हणजे हातात पैसा पडला असे नव्हे. कोर्टकचेऱ्या पुढेही चालतात. तरी एक गोष्ट पाहा. २०२५ साली महापालिकेने याच वसाहतीतील ९ हजारांवर रिकाम्या सदनिका आपल्या कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजार रुपयांत विकायला काढल्या. मुंबईत या भावात खोलीची भिंतही मिळत नाही, तरी घेणारे थोडेच पुढे आले. माहूलचे नाव लोकांना माहीत झाले होते.

शरीरात काय होते?

तेल व रसायनांच्या वाफेत बेन्झिन, टोल्युइन असे उडून जाणारे पदार्थ असतात. ते प्रथम डोळे, नाक व घशाच्या नाजूक आवरणाला चेतवतात. श्वासनलिका आकसते, चिकट कफ सुटतो आणि दमेकऱ्याचा दमा उसळतो. हे लगेच दिसणारे परिणाम झाले. बेन्झिनचा दुसरा परिणाम मात्र सावकाश होतो. ते हाडांतील रक्त तयार करणाऱ्या मगजावर हल्ला करते. त्यातून पंडुरोग आणि वर्षानुवर्षे संपर्क राहिला तर रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणूनच आपल्या देशात हवेतील बेन्झिनची वार्षिक सरासरी एका घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असे मानक आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

मुलांना त्रास अधिक का होतो? प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो, तर एक-दोन वर्षांचे मूल २५ ते ३० वेळा. वजनाच्या मानाने लेकरू मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेते आणि त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात.

आणखी एक गैरसमज आहे. "आता वास येत नाही, म्हणजे हवा सुधारली," असे लोक म्हणतात. नाकाला कोणत्याही वासाची काही वेळाने सवय होते. वास येईनासा झाला तरी विष तेथेच असू शकते.

आपल्याकडे हा प्रश्न नाही?

आपला धाराशिव जिल्हा म्हणजे काही मुंबई नव्हे, असे कोणी म्हणेल. पण गावाबाहेर कचऱ्याचा ढीग पेटून रात्रभर धुमसतो तेव्हा त्याला लागून कोणाची घरे असतात? खडीच्या क्रशरची पांढरी भुकटी कोणाच्या ज्वारीवर आणि कोणाच्या फुप्फुसात बसते? गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाडाऐवजी जुने टायर व प्लास्टिक जाळले तर तो काळा धूर कोणाच्या अंगणात उतरतो? जे माहूलला मोठ्या प्रमाणावर घडले, तेच लहान प्रमाणावर कोणत्याही गावात घडू शकते.

आम्हा डॉक्टरांनाही हात झटकता येणार नाहीत. मुंबईच्या दवाखान्यांतील सुया, बोळे, पट्ट्या गोवंडी-देवनार भागातील भट्टीत जाळल्या जात. शेजारच्या वस्तीने संघटित होऊन जनहित याचिका केली. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ही भट्टी दोन वर्षांत हलविण्यास सांगितले. येथेही सावध राहिले पाहिजे. एका वस्तीचा धूर उचलून दुसऱ्या गरीब गावाच्या शिवारात नेला तर तो न्याय होत नाही. पुणे शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसला आणि शेवटी गाड्या अडविल्या, हे आपण पाहिले आहे. धूर मुळात कमी झाला पाहिजे.

काय करावे?

१) नोंदवही ठेवा. एक साधी शंभर पानी वही पुरे. तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा, धूर की वास की धूळ, कोणाला काय त्रास झाला, कोणत्या दवाखान्यात दाखवले, हे रोज लिहा. दवाखान्याचे कागद जपून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांत ही वही बोलू लागते.

२) वही खरी ठेवा. प्रत्येक आजाराला कारखाना जबाबदार नसतो. विडी-तंबाखू, घरातील चूल आणि क्षय यांनीही खोकला होतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, ती मोफत तपासतात. एक खोटी नोंद वीस खऱ्या नोंदींवरचा विश्वास घालविते.

३) वैद्यकीय अधिकाऱ्यांना वस्तीत बोलवा. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वस्तीची तपासणी करण्याची लेखी मागणी करा. माहूलच्या लढ्यात सरकारी रुग्णालयाची पाहणीच सर्वांत भक्कम पुरावा ठरली.

४) अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि प्रांतसाहेब अशा तिघांकडे अर्ज द्या. सार्वजनिक उपद्रव हटविण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होते, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. मध्य प्रदेशातील रतलाम या आपल्यासारख्याच गावच्या लोकांनी उघड्या गटारांबद्दल हाच मार्ग धरला. नगरपालिकेने पैसा नसल्याची सबब सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ती सबब फेटाळली.

५) मुदत विसरू नका. हरित न्यायाधिकरणाकडे असा वाद नेण्यास, त्याचे कारण प्रथम घडल्यापासून साधारणतः सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणून तर वहीतील तारखांना मोल आहे.

६) कामगाराला शत्रू मानू नका. क्रशरवर किंवा भट्टीवर राबणारा माणूस बहुधा त्याच वस्तीत राहतो आणि सर्वांत जास्त धूळ तोच खातो. क्रशरवर पाणी मारा, यंत्राला आच्छादन घाला, कचरा पेटवू नका, धुराडे उंच करा, अशा मागण्या ठेवा. त्यात कोणाची भाकरी जात नाही आणि वस्तीत फूटही पडत नाही.

शेवटी

ती आजी नातवाला घेऊन परत निघाली तेव्हा मी औषधाची चिठ्ठी दिली आणि सोबत एक कोरी वही दिली. सुनेला दे म्हटले, चाळीतील चार बाया मिळून लिहू द्या. आजी म्हणाली, "लिहून खोकला जातोय व्हय?" मी म्हटले, "माय, एकीनं लिहून जात नाही. सगळ्यांनी मिळून लिहिलं तर जाईल, वेळ लागेल."

गाव करी ते राव न करी, असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. आरोग्याच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे. पुढच्या वेळी तुमच्या लेकराला खोकला झाला तर डॉक्टरकडे जरूर जा. जाण्यापूर्वी मात्र शेजारच्या दारावर टकटक करून विचारा, "तुमच्याकडे कुणाला होतंय का हो?" आणि डॉक्टरने विचारले नाही तरी ते त्याला आपणहून सांगा. माझ्यासारख्या डॉक्टरांनाही अशी आठवण करून द्यावी लागते.