शब्दांना फुटलेला कंठ

१९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने आरंभिलेला व रिचर्ड बार्टल याने पुढे विस्तारलेला 'मड' हा खेळ निव्वळ अक्षरांचा होता. अरण्ये, शत्रू, सारे काही वाक्यांतूनच उभे राही, आणि म्हणूनच चित्रमय खेळांनी ज्यांना दार बंद केले, त्या दृष्टिहीनांना अशा अक्षरखेळांच्या परंपरेत आजही बरोबरीचे स्थान मिळू शकते, मात्र पडद्यावरील मजकूर कोणीतरी वाचून दाखविला पाहिजे.

आलेली ओळ मजकूर बोलून दाखविणाऱ्या वाचायंत्राच्या हवाली केली की काम संपले, असे वाटते. परंतु डोळा क्षणात अनेक ओळी चाळतो. कानाला एका वेळी एकच शब्द मिळतो. खामगावच्या कापूसबाजारात गाड्यांची रांग लागली म्हणजे प्रत्येकीने पाळीची वाट पाहावी हे रास्तच. पण ऐन लढाईत 'तुम्ही जखमी झालात' ही वर्दी वृक्षवर्णनामागे तिष्ठत राहिली, तर ती पोहोचेपर्यंत डाव हातचा गेलेला असतो. यास्तव तातडीच्या मजकुराला चालू वाक्य तोडण्याची मुभा देणे, कळ दाबताच आवाज थांबविणे, प्रत्येक आज्ञेनंतर उमटणारे तेच ते आकडे गाळणे आणि निसटलेली ओळ पुन्हा ऐकण्याची तजवीज ठेवणे, हा खरा कारभार. यातील शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

वाचून दाखविणारे साधन तर हाताशी आहेच. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेला 'एनव्हीडीए' हा पडदावाचक विनामूल्य आहे, व त्यातील 'ईस्पीक' हा कृत्रिम आवाज मराठीही बोलतो. त्याचा स्वर रुक्ष खरा. पण सरावलेले कान तो विलक्षण वेगाने ऐकतात, म्हणून खेळाने स्वतःचा गोड आवाज न लादता या परिचित आवाजाकडेच मजकूर सोपवावा.