कॅमेऱ्याची चाळिशी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘जवळचा नंबर दीड’ असं लिहून दिलं की आपण मुकाट्याने दुकानात जाऊन चाळिशी करून घेतो. हा दीड म्हणजे दीड डायॉप्टर. भिंगाचं नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचं आणि १ला त्याने भागायचं, एवढाच त्याचा हिशोब. १ मीटर नाभीय अंतराचं भिंग १ डायॉप्टरचं, अर्ध्या मीटरचं २ डायॉप्टरचं. फेर्डिनां मोनोयेर या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने १८७२मध्ये हे एकक सुचवलं, ते चष्म्यासाठी. सिनेमावाल्यांनी एककाचंच वस्तूला नाव करून टाकलं. कॅमेरा असिस्टंट ‘प्लस टू दे’ म्हणतो तेव्हा त्याच्या हातात एक गोल, जाड, बहिर्वक्र काच ठेवली जाते. ती लेन्सच्या पुढे, मॅट बॉक्सच्या खाचेत बसते. चाळिशीच, पण कॅमेऱ्याची.

तिची गरज पडते ती लेन्सच्या एका जन्मजात मर्यादेमुळे. बहुतेक सिने लेन्स एका ठरावीक अंतराच्या अलीकडे फोकस होत नाहीत. पत्रातली एक ओळ, सुईत ओवला जाणारा दोरा, डोळ्याच्या कडेला साचलेलं पाणी दाखवायचं तर जवळ जावंच लागतं, आणि जवळ गेलं की सगळं धूसर. प्लस वन लावला आणि लेन्सवर फोकस अनंतावर ठेवला, तर १ मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. प्लस टू लावला तर अर्ध्या मीटरवरची. मूळ लेन्स १ मीटरपर्यंतच जवळ येत असेल, तर प्लस वनने ती अर्ध्या मीटरपर्यंत येते, प्लस टूने साधारण ३३ सेंटिमीटरपर्यंत. नंबरांची चक्क बेरीज होते. दोन काचा एकापुढे एक लावता येतात. फक्त जास्त नंबराची लेन्सच्या जवळ ठेवायची.

नव्या माणसाला एक गोष्ट हमखास चकवते. एकच प्लस टू २५ मिलिमीटरच्या वाइड लेन्सवर लावला तर अर्ध्या मीटरवर चौकटीत सुमारे ५० सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो, म्हणजे काही विशेष नाही. तोच १०० मिलिमीटरच्या लेन्सवर लावला की रुंदी साडेबारा सेंटिमीटरवर येते, पोस्टकार्डाहूनही कमी. डायॉप्टरची खरी करामत लांब लेन्सवरच दिसते.

जवळ जाण्याचे इतर मार्गही आहेत. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये नळी बसवता येते, पण मग प्रकाश कमी पडतो. वस्तू फिल्मवर मूळ आकाराइतकी उमटवायची तर पाव हिस्साच प्रकाश उरतो. शिवाय झूम लेन्सचं गणित बिघडतं, झूम करताना फोकस सुटतो. डायॉप्टर यातलं काही मागत नाही. प्रकाश जवळजवळ तसाच राहतो, झूमही फोकस धरून राहतो. मॅक्रो लेन्सच्या मानाने तो स्वस्त, आणि बसवायला मिनिटही लागत नाही.

मात्र जवळचं दिलं की तो दूरचं काढून घेतो. वरच्या उदाहरणात प्लस वन लावल्यावर लेन्सचं सारं जग अर्धा ते १ मीटर या पट्ट्यात आक्रसतं. नट बोलता बोलता दोन पावलं मागे गेला, तर त्याच्यासाठी लेन्सवर जागाच नाही. शॉटमध्ये फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरची पंचाईत आणखी वेगळी. लेन्सच्या कड्यावर कोरलेले आकडे आता खोटे झालेले असतात. एरवी तो कॅमेऱ्याच्या अंगावरच्या फिल्म प्लेनच्या खुणेपासून टेप धरतो. डायॉप्टरचं अंतर मात्र पुढच्या काचेपासून मोजायचं. अशा वेळी जाणते पुलर आकडे सोडून देतात आणि डोळ्यांनी पाहून नव्या खुणा करतात.

साध्या एकेरी काचेत कडा विरघळतात आणि काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर रंगीत रेघ उमटते. म्हणून चांगले डायॉप्टर दोन वेगळ्या काचा जोडून करतात. छायाचित्रकारांच्या ओळखीचा कॅननचा ५००डी हा असा जोडभिंगाचा, साधारण प्लस टूचा. पण आजकाल त्या विरघळणाऱ्या कडांसाठीच जुनी एकेरी काच मागणारे कॅमेरामनही आहेत. डिजिटल चित्र फार टोकदार वाटतं, ही त्यांची तक्रार. मला ती अगदीच खोटी वाटत नाही.

सिनेमात डायॉप्टरचे दिवस आले ते पडदा रुंद झाल्यावर. १९५३मध्ये ‘द रोब’ने सिनेमास्कोप आणलं. त्याच्या सुरुवातीच्या, रुंद चित्र आडवं दाबून टिपणाऱ्या अ‍ॅनामॉर्फिक लेन्स चेहऱ्याजवळ नेल्या की गाल सुजल्यासारखे दिसत. हॉलिवूडने या दोषाला सरळ ‘गालगुंड’ म्हणून टाकलं. आपल्याकडे गुरुदत्त आणि व्ही. के. मूर्ती यांनी ‘कागज के फूल’ (१९५९) हा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट केला. पुढे पॅनाव्हिजनने गालगुंड बरं केलं, तरी अ‍ॅनामॉर्फिक लेन्सचं जवळचं अंतर मोठंच राहिलं आणि डायॉप्टर पेटीतला कायमचा रहिवासी झाला. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने मात्र वाटच बदलली. टेक्निस्कोप या पद्धतीत साधी लेन्स वापरून रुंद चौकट मिळते. नुसत्या डोळ्यांनी पडदा भरून टाकणाऱ्या त्याच्या क्लोज-अपना तीच सोयीची होती.

आता या घराण्यातलं वाह्यात पोर: स्प्लिट डायॉप्टर. कड्यात काच अर्धीच, उरलेली अर्धी जागा मोकळी. काचेच्या बाजूला जवळचा चेहरा स्पष्ट, मोकळ्या बाजूला खोलीच्या पलीकडचा माणूसही स्पष्ट. १९७०च्या सुमाराला याची चलती होण्याला कारण होतं. १९६८च्या ईस्टमन कलर निगेटिव्हची गती एएसए १०० होती, त्यामुळे अपुऱ्या प्रकाशात ॲपर्चर उघडं ठेवावं लागे. त्यात अ‍ॅनामॉर्फिक लेन्सची खोली, म्हणजे एकाच वेळी स्पष्ट दिसणारं अंतर, मुळात कमी.

रॉबर्ट वाइज हा ‘सिटिझन केन’चा (१९४१) संकलक. त्या चित्रपटात सुझनच्या विषप्राशनाच्या दृश्यात पुढचा पेला आणि मागचं दार, दोन्ही लख्ख दिसतात. ती लेन्सची किमया नव्हे. कॅमेरामन ग्रेग टोलंडने पुढचा भाग एकदा टिपला, फिल्म मागे गुंडाळली आणि मागचा भाग त्याच फिल्मवर पुन्हा टिपला. दिग्दर्शक झाल्यावर वाइजने खोलीची तीच हौस स्प्लिटवर भागवली: ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’ (१९७१) आणि ‘स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर’ (१९७९), दोन्हींचा कॅमेरा रिचर्ड क्लाइनचा. पहिल्यात प्रयोगशाळेच्या थंड वातावरणाला ती शोभते. दुसऱ्यात ती सवय झाल्यासारखी वाटते.

मुळात स्प्लिटमध्ये खरी खोली नसतेच. जवळचं एक प्रतल, दूरचं एक प्रतल, आणि दोहोंच्या मध्ये धूसर शिवण. शिवण खांबावर, दाराच्या चौकटीवर, अंधाऱ्या भिंतीवर लपवावी लागते. ॲपर्चर बारीक केलं तर ती उलट जास्त ठळक होते. नटाने रेघ ओलांडायची नाही, कॅमेऱ्याने वळायचं नाही. दिग्दर्शक ब्रायन डी पामाने हीच अडचण कामाला लावली. ‘कॅरी’त (१९७६) वर्गात पुढे टॉमी आणि मागे कॅरी: दोघं एकाच खोलीत, दोन वेगळ्या जगांत. ‘ब्लो आउट’मध्ये (१९८१) रात्री पुलावर आवाज टिपत उभा असलेला ट्रॅव्होल्टा आणि पुढ्यात भलंमोठं घुबड, कॅमेरा विल्मोश झिगमंडचा. आपण माणसाकडे बघतोय की घुबड आपल्याकडे, ते ठरत नाही. मधली जागा गाळलेली आहे म्हणूनच हे जमतं.

कॅमेरामन गॉर्डन विलिसने ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’मध्ये (१९७६) तीच काच लपवून वापरली. रेडफर्ड सुमारे सहा मिनिटं फोनवर, शॉट एकच. मागे टीव्हीभोवती जमलेली वार्ताहर मंडळी त्याच्याइतकीच स्पष्ट. कॅमेरा इतका सावकाश जवळ सरकतो की मागची माणसं चौकटीबाहेर कधी गेली हे कळत नाही, आणि ती गेल्यावर अर्ध्या काचेला काही कामच उरत नाही.

आज दोन शॉट संगणकावर जोडता येतात, नट रेघही ओलांडू शकतो. तरी स्प्लिट भाड्याने जातोच. त्याचं कडं फिरतं असतं, त्यामुळे काचेची कड उभीच हवी असं नाही. टेबलाच्या रेषेला आडवी किंवा खांद्याच्या उताराला तिरकी धरता येते. मग फोकस पुलर नटाजवळ जाऊन सांगतो, मान इथवरच झुकवा, यापुढे गेलात तर कान धूसर होईल.