वाय-फायची हरवलेली वही

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी जरा सांभाळून घ्या. विषय मात्र सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे!

बाबांनी त्यांचा जुना लॅपटॉप मला दिला. त्याला विंडोज झेपेना, म्हणून एका सीनियरच्या पेन ड्राइव्हवरून डेबियन लिनक्सची 11 वी आवृत्ती टाकली. लॅपटॉप पळायला लागला, पण वाय-फाय गायब! दुसऱ्या दिवशी सबमिशन. रूममेट म्हणाली, "कार्ड गेलं, नवीन लॅपटॉप घे." हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगणार? घाबरून दोनदा लिनक्स परत टाकलं. उपयोग शून्य.

मग शांत डोक्याने तीन गोष्टी तपासल्या. तुम्हीही याच क्रमाने तपासा.

पहिली, कार्ड दिसतंय का? 'एलएसपीसीआय -के' ही कमांड दिली की आतली कार्डं आणि त्यांना लागलेला ड्रायव्हर दिसतो. (यूएसबी डोंगल असेल तर 'एलएसयूएसबी'.) माझं कार्ड दिसत होतं. म्हणजे ते जिवंत होतं!

दुसरी, कार्ड बंद तर नाही ना? 'आरएफकिल लिस्ट' सांगते. 'सॉफ्ट ब्लॉक' कमांडने निघतो, 'हार्ड ब्लॉक' असेल तर लॅपटॉपवरचं वाय-फायचं बटण बघा. माझं चालू होतं.

तिसरी, 'डीमेसेज'. यात कर्नलची रोजनिशी असते. तिथे चोर सापडला : फर्मवेअरची फाइल मिळाली नाही.

फर्मवेअर म्हणजे काय? समजा, कार्ड हा मेसचा आचारी आणि ड्रायव्हर त्याला ऑर्डर सांगणारा. फर्मवेअर म्हणजे आचाऱ्याची पाककृतीची वही. बऱ्याच कार्डांच्या लक्षात काही राहत नाही, लॅपटॉप चालू केला की दर वेळी वही हातात द्यावी लागते. ही वही बहुधा कंपनीची असते आणि तिचा सोर्स कोड खुला नसतो, म्हणून डेबियन ती मुख्य सीडीत देत नसे. 2022 मध्ये त्यांनी मतदान घेऊन नियम बदलला, आणि जून 2023 च्या 12 व्या आवृत्तीपासून ती इन्स्टॉलरमध्येच येते. माझी आवृत्ती त्याआधीची!

आता गंमत बघा, वाय-फायसाठी फाइल हवी आणि फाइलसाठी नेट हवं. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं. लिनक्सला मोबाइल म्हणजे आणखी एक नेटवर्क कार्डच वाटतं. 'नॉन-फ्री' विभाग चालू करून फर्मवेअरचं पॅकेज घेतलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला, आणि होस्टेलचं वाय-फाय हजर!

सबमिशन वेळेत झालं. खर्च शून्य. बाबांना फोन केला तो फक्त "जेवलात का?" विचारायला. तेव्हा कार्ड भंगारात काढण्याआधी एकदा 'डीमेसेज' वाचा. बिचारं कार्ड काय म्हणतंय, ते तरी ऐका!